लेबल नसलेल्या जुन्या गेम-कॅसेटी विकत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबल निघून गेलेली कॅसेट विकत घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण आपण नेमके काय विकत घेत आहोत हे आधी स्वतःशी स्पष्ट असावे. ज्याला कार्ट्रिज म्हणतात आणि बोलताना आपण कॅसेट म्हणतो, त्या वस्तूतला गेम आतल्या बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये (फक्त वाचता येणारी माहिती कायमची साठवणाऱ्या चिपमध्ये) असतो आणि लेबल हा वर चिकटवलेला कागद असतो. तो कागद गेल्याने गेम खेळण्यात कसलाही फरक पडत नाही. संग्राहकासाठी मात्र त्या कागदाला किंमत असते आणि काही वेळा तीच सर्वांत मोठी किंमत असते. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावरचा, ‘स्टेडियम इव्हेंट्स’ हा १९८७चा गेम याचे ठळक उदाहरण आहे. तो बाजारातून लवकर काढून घेण्यात आला आणि पुढे ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावाने पुन्हा विक्रीला आला. खेळ जवळपास तोच असला तरी पहिल्या नावाची कॅसेट अत्यंत दुर्मीळ मानली जाते आणि दुसरी सहज मिळते. अशा वस्तूचे लेबल गेले म्हणजे तिच्या मोलाचा मोठा हिस्सा गेला, हे मान्य करूनच पुढे जावे.

माझे मत असे आहे की लेबल नसलेली कॅसेट खेळण्यासाठी, दुरुस्तीच्या सुट्या भागांसाठी किंवा तिची ओळख पटवण्याच्या अभ्यासासाठी घ्यावी. पुढेमागे मोठ्या किमतीला विकता येईल या आशेवर ती घेऊ नये.

लेबल नाही म्हणजे वस्तू बनावट आहे असे समजावे का?

नाही. लेबल जाण्याची कारणे साधी असतात. गोंद वाळतो, दमट जागी कागद सुटतो, भाड्याने गेम देणाऱ्या दुकानाचा स्टिकर ओढून काढताना खालचे लेबलही फाटून येते, आणि लहान मुले तर ते नखाने खरवडतातच. अटारी २६०० या कन्सोलच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. अटारीच्या स्वतःच्या कॅसेटींचा स्क्रू दर्शनी लेबलाखाली दडलेला असतो, त्यामुळे कोणी दुरुस्तीसाठी किंवा कुतूहलाने कॅसेट उघडली असेल तर लेबल सोलल्याशिवाय त्याचे काम झालेलेच नसते. अशा कॅसेटवर उघडे पडलेले स्क्रूचे भोक दिसले तर संशय घेण्याचे कारण नाही. मात्र ती कोणीतरी आधी उघडली आहे, हे त्यावरून नक्की समजते.

बनावटपणाचा निर्णय आतला बोर्ड पाहूनच करावा. लेबल असलेल्या कॅसेटीलाही हाच नियम लावावा, कारण आजकाल नवे लेबल छापणे अगदी सोपे झाले आहे.

कॅसेट न उघडता केवळ बाहेरून किती ओळख पटते?

पुष्कळ पटते, आणि सराव झालेल्या संग्राहकाचा निम्मा शोध येथेच संपतो. सर्वप्रथम आकारावरून कन्सोल ठरवावा. निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी रूपाच्या) कॅसेटीला ६० पिना असतात आणि एनईएसच्या कॅसेटीला ७२. सुपर निन्टेन्डोच्या अमेरिकी कॅसेटी चौकोनी कडांच्या असतात, तर जपानी आणि युरोपीय कॅसेटींच्या कडा गोलसर असतात. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या कन्सोलसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशकाने वेगळ्या, उंच आकाराच्या कॅसेटी काढल्या होत्या आणि त्यांच्या एका बाजूला पिवळी पट्टी असते. त्यामुळे लेबल नसतानाही प्रकाशक ओळखता येतो. ‘सॉनिक अँड नकल्स’ (१९९४) या कॅसेटीच्या माथ्यावर दुसरी कॅसेट बसवण्याची जागा आहे, त्यामुळे ती ओळखायला लेबलाची गरजच नाही.

रंगही बोलका असतो. एनईएसची सोनेरी कॅसेट बहुधा ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ किंवा त्याचा दुसरा भाग असते, पण करड्या रंगातही पहिल्या भागाची आवृत्ती निघाली होती, त्यामुळे करडी कॅसेट म्हणजे झेल्डा नव्हेच, असे उलटे अनुमान काढू नये. सुपर निन्टेन्डोच्या करड्या कॅसेटींच्या गर्दीत काळी दिसली तर ‘किलर इन्स्टिंक्ट’ आणि लाल दिसली तर ‘डूम’ हे नाव आधी मनात यावे. गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळण्याच्या यंत्राच्या बाबतीत करडी कॅसेट म्हणजे मूळ गेम बॉयची, काळी म्हणजे जुन्या आणि रंगीत अशा दोन्ही यंत्रांवर चालणारी, आणि पारदर्शक म्हणजे केवळ गेम बॉय कलरसाठीची, हा स्थूल नियम आहे. पोकेमॉनच्या लाल, निळ्या, पिवळ्या, सोनेरी आणि चंदेरी कॅसेटी या नियमाला अपवाद आहेत. करड्या आणि काळ्या कॅसेटीच्या वरच्या कोपऱ्याला एक खाच असते. मूळ गेम बॉय चालू करताना त्याच्या बटणाचा खिळा त्या खाचेत सरकतो. पारदर्शक कॅसेटीला ती खाच नसल्यामुळे जुन्या यंत्राचे बटण सरकतच नाही. साध्या प्लॅस्टिकच्या आकारात इतका विचार घातलेला पाहिला की मला त्या अभियंत्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

सुपर निन्टेन्डोच्या कॅसेटीची खालची फट जरूर पाहावी. बहुतेक गेममध्ये मधल्या भागातल्याच ४६ पिना असतात. सुपर एफएक्स किंवा एसए-१ यांसारखी जादा चिप असलेल्या गेममध्ये दोन्ही टोकांना आणखी पिना असतात आणि एकूण संख्या ६२ होते. या टोकाच्या पिना दिसल्या की साधे क्रीडाप्रकारांचे गेम यादीतून गळतात आणि ‘स्टार फॉक्स’ किंवा ‘सुपर मारिओ आरपीजी’ यांच्या जवळपासचे काही हाती लागले असण्याची शक्यता निर्माण होते.

कॅसेट उघडण्यासाठी कोणते साधन लागते?

निन्टेन्डोच्या एनईएस, सुपर निन्टेन्डो, एन६४ (निन्टेन्डो ६४) आणि गेम बॉय या यंत्रांच्या कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा ‘गेमबिट’, म्हणजे त्यांच्या खास स्क्रूंसाठीचा पाना, लागतो. त्याचे ४.५ मिलिमीटरचे भावंड कन्सोल उघडण्यासाठी असते, म्हणून दोन्हींची जोडी एकदाच घेऊन ठेवावी. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटीला तीन पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू असतो. एनईएसच्या सुरुवातीच्या कॅसेटींना साध्या फटीचे पाच स्क्रू असत आणि नंतरच्यांना तीनच. पेनाचे प्लॅस्टिक वितळवून स्क्रूवर दाबण्याचा एक जुना उपाय सांगितला जातो, पण तो करू नये. स्क्रूचे डोके भरून जाते आणि पुढच्या मालकाला ती कॅसेट कधीच नीट उघडता येत नाही.

विक्रेत्याची कॅसेट त्याच्या परवानगीशिवाय उघडू नये. परवानगी मागितल्यावर जो विक्रेता आनंदाने ‘उघडा’ म्हणतो, त्याच्याकडून खरेदी करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

आतल्या बोर्डवर नेमके काय वाचायचे?

या सगळ्या खटाटोपाचा गाभा येथे आहे. निन्टेन्डोच्या अस्सल बोर्डवर कंपनीचे नाव आणि बोर्डचा प्रकार छापलेला असतो, तर रॉम चिपवर त्या गेमचा संकेतांक असतो. संकेतांकाचा पहिला भाग यंत्र सांगतो. एचव्हीसी म्हणजे फॅमिकॉम, डीएमजी म्हणजे गेम बॉय, सीजीबी म्हणजे गेम बॉय कलर, एजीबी म्हणजे गेम बॉय ॲडव्हान्स आणि एनयूएस म्हणजे एन६४. मधली अक्षरे गेम सांगतात. अमेरिकेतल्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’च्या चिपवर ‘एसएनएस-एमडब्ल्यू’ आणि ‘पोकेमॉन रेड’च्या चिपवर ‘डीएमजी-एपीएई’ अशी अक्षरे दिसतात. शेवटचा आकडा आवृत्तीचा असतो. शून्य म्हणजे पहिली आवृत्ती, एक म्हणजे चुका दुरुस्त करून काढलेली पुढची. लेबल शाबूत असलेल्या कॅसेटीवरून जे सहज कळत नाही, ते येथे थेट चिपवर लिहिलेले सापडते.

चिपवर अनेकदा चार अंकांचा उत्पादनाचा संकेतही असतो. ९०२५ असे असेल तर ती चिप १९९०च्या पंचविसाव्या आठवड्यात तयार झाली असा त्याचा अर्थ होतो. गेम १९९१चा आणि चिप २०१०च्या दशकातली असेल, तर ती वस्तू अस्सल नाही हे समजण्यास आणखी पुरावा लागत नाही.

एनईएसच्या काही अगदी सुरुवातीच्या कॅसेटींमध्ये, विशेषतः ‘जायरोमाइट’ आणि ‘स्टॅक-अप’ यांत, जपानी ६० पिनांचा बोर्ड आणि त्यावर बसवलेला ६० ते ७२ पिनांचा अडॅप्टर असतो. पाच स्क्रूंची कॅसेट हातात घेतल्यावर नेहमीपेक्षा जड वाटली तर ती शक्यता तपासून पाहावी, कारण केवळ त्या अडॅप्टरसाठी या कॅसेटी शोधणारे लोक आहेत.

बोर्डवर चिपऐवजी काळा गोल थेंब दिसतो. तो काय आहे?

तो इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेचा थेंब असतो आणि त्याखाली उघडी सिलिकॉन चिप थेट बोर्डवर बसवलेली असते. या पद्धतीत खर्च कमी येतो, म्हणून बनावट कॅसेटींमध्ये ती सर्रास आढळते आणि एनईएस, सुपर निन्टेन्डो किंवा गेम बॉयच्या कॅसेटीत असा थेंब दिसणे ही गंभीर धोक्याची खूण आहे. पण थेंब म्हणजे नक्कल, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. फॅमिकॉमच्या आणि अटारीच्या काही अधिकृत कॅसेटींमध्येही हीच पद्धत वापरलेली आहे. थेंब दिसताच वस्तू टाकून देण्याआधी ती कोणत्या यंत्राची आणि कोणत्या प्रकाशकाची आहे हे पाहावे. थेंब खरवडून खाली काय आहे हे पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यानंतर काहीच शिल्लक राहत नाही.

कन्सोलमध्ये लावून पाहिले की सगळे कळत नाही का?

गेमचे नाव कळते, अस्सलपणा कळत नाही. गेम बॉय चालू होताना पडद्यावर निन्टेन्डोचे नाव वरून खाली सरकते. ते नाव कॅसेटीतूनच वाचले जाते आणि यंत्र आपल्याकडच्या नमुन्याशी ते ताडून पाहते. पिना मळलेल्या असतील तर तेथे विस्कटलेली अक्षरे किंवा काळी पट्टी दिसते आणि यंत्र तेथेच थांबते. याचा अर्थ कॅसेट मेली असा नाही, संपर्क नीट होत नाही एवढाच आहे. उलटपक्षी, नाव स्वच्छ दिसले म्हणून कॅसेट अस्सल ठरत नाही, कारण नक्कल करणाऱ्यांनी ती माहिती जशीच्या तशी उतरवलेली असते.

एनईएसमध्ये कुलपाची चिप असते. ती कॅसेटीतल्या जोडीदार चिपशी संवाद साधते आणि तो जमला नाही तर यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत राहते. लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकत असेल तर आधी पिना स्वच्छ कराव्यात.

एक इशारा येथेच देतो. ५ व्होल्टच्या यंत्रांसाठी बनवलेल्या अनेक नकली कॅसेटींमध्ये ३.३ व्होल्टच्या फ्लॅश चिप विद्युतदाब जुळवणाऱ्या भागांशिवाय बसवलेल्या असतात. त्या चालतात, पण चिपवर आणि यंत्रावर नको तो ताण येतो. अनोळखी कॅसेट स्वतःच्या सर्वांत प्रिय कन्सोलमध्ये प्रथम लावू नये.

पिना स्वच्छ करण्यासाठी फुंकर मारावी का?

मारू नये. श्वासातला ओलावा पिनांवर बसतो आणि कालांतराने गंज आणतो. कॅसेट काढून पुन्हा लावल्याने नवा संपर्क होतो आणि श्रेय मात्र फुंकरेला मिळते. कापसाची काडी आणि ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे पुरते. काडी काळी येणे थांबेपर्यंत पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट लावावी. हट्टी डागावर मऊ खोडरबर हलक्या हाताने चालतो. सँडपेपर कधीही वापरू नये, कारण पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो.

आतल्या बॅटरीवरून काही कळते का?

बॅटरी आहे म्हणजे गेममध्ये प्रगती साठवण्याची सोय आहे आणि एवढ्यानेच संभाव्य नावांची यादी बरीच लहान होते. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या झेल्डाच्या कॅसेटीत अशी बॅटरी होती. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ यांत सीआर२०२५ प्रकारची बटणासारखी चपटी बॅटरी असते आणि तिच्यावर घड्याळही चालत असल्यामुळे ती लवकर संपते. ‘रूबी’, ‘सफायर’ आणि ‘एमराल्ड’ यांतली बॅटरी केवळ घड्याळासाठी आहे आणि साठवलेला खेळ फ्लॅश चिपमध्ये असतो, म्हणून बॅटरी संपली तरी तो जात नाही. इतर बहुतेक जुन्या गेममध्ये बॅटरी काढताच जुना साठा पुसला जातो, हे काढण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

या बॅटरीला धातूच्या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्या बोर्डला डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात. बदलताना पट्ट्यांसह मिळणारीच बॅटरी घ्यावी. चिकटपट्टीने बसवलेली बॅटरी दिसली तर आधीच्या मालकाने घाईने काम केले आहे असे समजून बाकीचा बोर्डही बारकाईने पाहावा.

आत काचेची खिडकी असलेली चिप सापडली तर?

तर सर्व काम थांबवावे आणि प्रथम ती खिडकी झाकली आहे का ते पाहावे. ती ईप्रॉम आहे. तिच्यातली माहिती अतिनील प्रकाशाने पुसता येते आणि त्यासाठीच ती खिडकी असते. निर्माते गेम तयार होत असताना चाचणीसाठी किंवा समीक्षकांना देण्यासाठी अशा चिपा वापरत, त्यामुळे लेबल नसलेली किंवा हाताने नाव लिहिलेली कॅसेट खरोखरच अपूर्ण अवस्थेतला नमुना असू शकते. खिडकीवरचा स्टिकर काढू नये. थेट उन्हात अशी चिप आठवडाभरात पुसली जाऊ शकते आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली काही वर्षांत. स्टिकर गळून पडला असेल तर प्रकाश न शिरणारी पट्टी लगेच लावावी.

ईप्रॉममधला विद्युतभार झाकलेल्या अवस्थेतही दशकांनंतर हळूहळू झिरपतो. ज्याची दुसरी प्रत नाही असा नमुना कपाटात नुसता जपून ठेवणे म्हणजे तो नष्ट होण्याची वाट पाहणे आहे असे मला कळकळीने वाटते. योग्य साधन आणि अनुभव असलेल्या माणसाकडून त्यातली माहिती वाचून घ्यावी. हेही लक्षात ठेवावे की ईप्रॉम वापरून कोणीही आज ‘नमुना’ बनवू शकतो, म्हणून खिडकी पाहताच भरमसाट किंमत देऊ नये.

ढिगात एखादी खूप दुर्मीळ कॅसेट दडलेली असू शकते का?

असू शकते, पण ज्या गेमच्या प्रती सर्वाधिक खपल्या त्याच ढिगात सर्वाधिक असतात, हे साधे गणित आहे. तरी दोन आकार डोळ्यांत साठवून ठेवावेत. १९९०च्या निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्सच्या ९० करड्या आणि २६ सोनेरी कॅसेटी निघाल्या. स्पर्धेची वेळ ठरवण्यासाठी त्यांवर छोट्या खटक्यांची ओळ असते आणि ती बाहेरून दिसते. अटारी २६००चा ‘एअर रेड’ निळ्या रंगाचा आणि ‘टी’ आकाराच्या मुठीचा असतो, आणि त्याच्या लेबलवर मुळात गेमचे नावच छापलेले नव्हते. हे दोन्ही लेबलाशिवायही ओळखता येतात. मात्र लेबल नसतानाही ओळखू येणाऱ्या वस्तूची नक्कल करणाऱ्यालाही लेबलाची चिंता नसते.

छायाचित्रे पाहून दुरून खरेदी करताना विक्रेत्याला काय विचारावे?

पुढची बाजू, मागची बाजू, खालच्या पिना आणि शक्य असल्यास उघडलेल्या बोर्डच्या दोन्ही बाजू, यांची छायाचित्रे मागावीत. गेम बॉय ॲडव्हान्सच्या बाबतीत खालून पाहिले तरी पिनांच्या वर बोर्डवर छापलेले निन्टेन्डोचे नाव दिसावे लागते. अस्सल लेबलवर अंकांचा दाबलेला ठसा असतो, पण लेबलच नसल्यामुळे ती कसोटी येथे उपलब्ध नाही, आणि म्हणूनच बोर्डचे छायाचित्र अधिक महत्त्वाचे ठरते. ‘तपासलेली नाही’ असे विक्रेता म्हणत असेल तर ती चालत नाही असे गृहीत धरून किंमत ठरवावी.

किंमत कशी ठरवावी?

सिद्ध झालेल्या गोष्टींचेच पैसे द्यावेत. केवळ कन्सोल कळला असेल तर त्या कन्सोलच्या सर्वांत सामान्य गेमची, तीही लेबल नसलेल्या अवस्थेतली किंमत हीच वरची मर्यादा मानावी. बोर्डवरून गेम कळला असेल तर त्या गेमच्या सुट्या कॅसेटीच्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमतींशी तुलना करावी आणि लेबल नसल्याबद्दल मोठी वजावट मागावी. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फार अंतर असते.

नवे लेबल छापून चिकटवावे का?

स्वतःच्या कपाटासाठी लावण्यास हरकत नाही, परंतु ते प्रतिकृती आहे हे त्या लेबलच्या कोपऱ्यात छापलेले असावे. मनात ठेवलेली किंवा तोंडी सांगितलेली गोष्ट मालक बदलताच हरवते. मूळ लेबलचा तुकडा शिल्लक असेल तर तो सोलून त्यावर नवे चिकटवू नये, कारण त्या फाटक्या तुकड्यातही छपाईचा रंग, कागद आणि कधीकधी ठशाचा अंक असतो. मी माझ्या कॅसेटींना नवी लेबले लावत नाही. मागच्या बाजूला सहज निघणारी छोटी चिठ्ठी लावतो आणि तिच्यावर गेमचे नाव व चिपचा संकेतांक लिहितो.

एवढे करूनही ओळख पटली नाही तर?

बोर्डच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढावीत, चिपवरचे प्रत्येक अक्षर उतरवून घ्यावे, आणि कॅसेट कोठून व कोणत्या इतर वस्तूंसोबत आली याची नोंद ठेवावी. सोबत आलेल्या वस्तूंवरून काळ आणि प्रदेश यांचा अंदाज येतो, म्हणून ढिगाने घेतलेल्या कॅसेटी विभागण्यापूर्वीच ही नोंद करावी. कॅसेट चालत असेल तर तिच्यातली माहिती वाचणाऱ्या साधनाने प्रत काढून तिचा सीआरसी३२ किंवा एसएचए-१ आकडा (प्रतीतल्या माहितीवरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा) नो-इंट्रोसारख्या, गेमच्या प्रतींची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पांच्या यादीशी ताडता येतो. आकडा जुळला नाही तर तीन शक्यता उरतात. पिना मळलेल्या असल्याने वाचन चुकले असेल, गेममध्ये कोणी बदल केला असेल, किंवा आजवर कोणी न नोंदवलेली आवृत्ती हाती आली असेल. पहिली शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून पिना पुन्हा स्वच्छ करून किमान तीन वेळा वाचन घ्यावे आणि तिन्ही वेळा आकडा एकच आला तरच उरलेल्या दोन शक्यतांकडे वळावे.